तीन फवारण्या

"घरातलं भांडं नको, बाई. औषधाला खाण्यापिण्याचं भांडं कधी घ्यायचं नाय," असं म्हणत त्या मुलीने आनंदीबाईंनी पुढे केलेलं स्टीलचं पातेलं त्यांच्या हातात परत दिलं आणि आपल्या पिशवीतून खुणांचा प्लास्टिकचा मग काढला. बोलली ती अगदी साधेपणाने, दिवसातून चार घरी सांगत असावी तसं. तरी आनंदीबाई पातेलं धरून तशाच उभ्या राहिल्या. मार्चचा महिना होता, सकाळचे साडेसात, नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा जात होत्या, आणि त्यांना वाटलं की हे वाक्य या पडवीत नऊ वर्षं उशिरा आलं. तेव्हा कुणी, कुणीही, इथे उभं राहून एवढंच म्हटलं असतं तर. मग वाटलं, पण म्हणणार कोण? तेव्हा शिकवणाऱ्या त्या स्वतःच होत्या. आठवी-नववीला शास्त्र त्याच शिकवत होत्या.

मुलगी कुवारबावच्या एका नर्सरीतून आली होती. वीसेक वर्षांची, सावळी, नाकातोंडावर फडकं बांधलेलं, हातात रबरी मोजे, पायात बूट. नर्सरीला फोन आनंदीबाईंनीच केला होता. श्यामरावांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, अकरा गुलाबांच्या कुंड्या उरल्या होत्या. श्यामराव जाऊन चार वर्षं झाली. मुलगा शार्दूल पुण्याहून मे महिन्यात येणार होता आणि दर फोनवर विचारत होता, बाबांचे गुलाब आहेत ना अजून. होते, पण फेब्रुवारीपासून पानांचा रंग उडत चालला होता. आधी टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके, मग पान पिवळं, मग तांबूस, करपल्यासारखं, आणि शेंड्यांमध्ये बारीक जाळी. आनंदीबाईंना ते काय आहे हे पाहताक्षणी कळलं होतं. तरी त्यांनी फोनवर "काहीतरी रोग पडलाय" एवढंच सांगितलं. त्या रोगाचं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं.

मुलीने नाव घेतलं. एक पान उलटं केलं, खाली पांढरा कागद धरला आणि पानाला टिचकी मारली. कागदावर धुळीसारखे कण पडले, आणि मग ते कण चालू लागले. "लाल कोळी," ती म्हणाली. "उन्हाळ्यात फार. एका फवारणीने नाय जायचा, अंडी तशीच राहतात. आठ-आठ दिवसांनी तीन वेळा मारायला लागेल. आणि मधे तुम्ही नळीने पानं खालच्या बाजूने धुवायची. वरून पाणी घालून काय उपयोग नाय." आनंदीबाईंनी मान हलवली आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "नाव काय गो तुझं?" मुलीने तोंडावरचं फडकं खाली केलं. "हौसा. हौसा सखाराम गोताड." आणि आनंदीबाई काही बोलायच्या आत तिने पुढचं सांगून टाकलं, बहुतेक ते सांगायचं असं तिने घरून ठरवून आणलं असावं. "माझी आवस, आई माझी, तुमच्याकडेच होती ना कामाला? मैना. वहीत पत्ता बघितला तेव्हाच मी मालकांना म्हटलं, हितं मी जाते."

आनंदीबाईंनी पातेलं कठड्यावर ठेवलं आणि लगेच पुन्हा उचललं. "हो," त्या म्हणाल्या, "मैना. हो." हौसा त्यांच्याकडे पाहत नव्हती, ती पडवी पाहत होती, कौलं, कठडा, विहिरीकडे जाणारी चिऱ्यांची वाट. मग तिने विचारलं, "त्या दिवशी ती काय बोलली का, बाई? जाताना? दवाखान्यात तिच्यासंगती तुम्हीच होतात म्हणे." आनंदीबाई म्हणाल्या, "नाही. बोलण्याच्या स्थितीत नव्हती ती." "बरं," हौसा म्हणाली, फडकं वर बांधलं आणि मापाने औषध ओतू लागली. पाण्यात पडताच औषध पांढरं झालं. आनंदीबाई आत निघून गेल्या आणि स्वयंपाकघरात दार लोटून बसल्या. बाहेर पंपाचा दांडा खालीवर होत राहिला. त्या आवाजातही त्यांना दोघींमधला फरक कळत होता. मैनाचा हात जलद चाले, हिचा सावकाश.

मैना रोज पहिल्या एसटीने यायची. निवळीच्या आत, नदीपलीकडे तिची वाडी. नवरा सखाराम मुंबईला, घरी सासू आणि एकुलती मुलगी. आली तेव्हा धुण्याभांड्याला म्हणून आली होती, पण वर्षभरात ती बागेतली झाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण पान वाचता यायचं. जाता जाता एखादं पान बोटाने उलटं करायची आणि म्हणायची, "बाई, कोळी लागलाय. दोन दिवसांत पसरल." आनंदीबाईंना भिंगाशिवाय काही दिसायचं नाही, हिला नुसतं बोट फिरवून कळायचं, पान खडबडीत लागतं म्हणायची. गुलाब श्यामरावांनी आणायचे, खतं त्यांनी घालायची, पण कीड बघणं मैनाचं आणि औषध कालवणं आनंदीबाईंचं. "मोजमाप माझं, पंप तुझा," असं त्या मैनाला म्हणत. मावा, फुलकिडे, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, सगळ्याला त्यांच्याकडे वेगळी बाटली होती आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. आता कळत होतं की त्या बाटल्यांनीच कोळी वाढत होता. त्याला खाणारे बारके किडे औषधाने आधी मरत, आणि कोळी अंड्यांतून पुन्हा येई. हे त्यांनी पुढे एका मासिकात वाचलं होतं, मैना गेल्यानंतर, आणि मासिक मिटून ठेवलं होतं.

अकरा वाजले की आनंदीबाई मैनासाठी लोटीभर ताक ठेवत. सुट्टी असली की स्वतः, शाळा असली की श्यामरावांना सांगून. मीठ, हिंग, आल्याचा ठेचा. पडवीच्या कठड्यावर, खांबाच्या सावलीत, म्हणजे ते तापत नसे. मैना हात धुऊन यायची, लोटी उचलून वरून घटाघट प्यायची, ओठ पदराने पुसायची आणि लोटी विसळून तिथेच पालथी घालायची. मधे बोलणं काही नसे. चार वर्षं हे असंच चाललं. त्यात माया होती, हे आनंदीबाईंना ती गेल्यावर कळलं. असतानाचं ते नुसतं ताक होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या होत्या. श्यामराव बँकेत गेले होते. मैना सकाळपासून पहिला पंप मारत होती, अंगाला औषधाचा वास, तोंडाला काही बांधलेलं नाही. तेव्हा कुणी बांधत नसे. दुसऱ्या पंपाचं औषध कालवायला आनंदीबाई आल्या आणि नेहमीचा मग कुठे दिसेना. हाताशी मैनाच्या ताकाची रिकामी लोटी होती. सगळ्या बागेचं एकदमच कालवावं म्हणून त्यांनी अर्धी बाटली लोटीत ओतली, वर थोडं पाणी घातलं, काडीने ढवळलं. दाट, पांढरं झालं. ते बादलीत ओतायचं, वर पाणी भरायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात आत फोन वाजला. त्यांनी लोटी कठड्यावर ठेवली. खांबाच्या सावलीत ठेवली. चार वर्षांच्या सवयीने हात जिथे जायचा तिथे गेला.

फोन शाळेच्या चिटणिसांचा होता. जूनपासून मुख्याध्यापिका म्हणून तुमचं नाव ठरलंय, असं ते सांगत होते. आनंदीबाई आठ-दहा मिनिटं बोलल्या. त्या हसल्याही. हे त्यांना पुढे सगळ्यात जास्त आठवायचं, की त्या हसत होत्या आणि बोलता बोलता फोनची तार बोटाला गुंडाळत होत्या. बाहेर आल्या तेव्हा मैना पदराने ओठ पुसत होती आणि लोटी विसळायला नळाकडे निघाली होती. तोंड वाकडं झालं होतं तिचं, आंबट लागल्यावर होतं तसं. दिवसभर वासात असलेल्या माणसाला वास कळत नाही.

पुढचं सगळं त्यांनी बरोबर केलं. रिक्षा आणली, बाटली सोबत घेतली, मैनाचं डोकं मांडीवर घेतलं. मारुती मंदिराशी पोचेपर्यंत मैना घामाने भिजली होती, हातांची बोटं आपोआप उडत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "ताक नासलं होतं काय ओ, बाई?" तक्रारीने नव्हे, थोडं ओशाळून, जणू दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत. आनंदीबाई म्हणाल्या, "बोलू नको, मैना." त्यांनी तिला सांगितलं नाही. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं होतं का, त्याने ऐकलं होतं का, हे त्या किती वर्षं आठवून पाहत होत्या. इंजिनचा आवाज होता. ऐकलं नसावं. त्यानंतर मैना बोलली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि घाईत विचारलं, "घेतलं की चुकून गेलं?" आनंदीबाई म्हणाल्या, "मी आत होते." त्या आतच होत्या. त्या वाक्यात खोटा असा एक शब्द नव्हता. डॉक्टर पुढे गेले, हवालदाराने येऊन तेच विचारलं, त्यांनी तेच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मैना गेली तोपर्यंत ते कागदावर उतरलं होतं, की बाईने औषध घेतलं.

कुणालाच नवल वाटलं नाही हे त्यांना सगळ्यात भयंकर वाटलं. सखारामने मुंबईत दुसरं घर केलंय ही बोलवा वाडीत होतीच, सासू तोंडाची फटकळ आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गोष्ट आधीच तयार होती, मैना फक्त तिच्यात जाऊन बसली. शेजारच्या बायका आनंदीबाईंना भेटायला आल्या. "तुमच्याच दारात करायचं होतं का तिला हे," म्हणाल्या, "काय तुमच्यावर बालंट." त्यांनी चहा केला. तिसऱ्या दिवशी सखाराम आला. फाटकाच्या आत आला नाही. बाहेरच हात जोडून खाली मान घालून म्हणाला, "बाई, आमच्यामुळं तुमास्नी तरास झाला." आणि आनंदीबाई म्हणाल्या, "असू दे." हे दोन शब्द त्यांच्याच तोंडून गेले. पुढे कितीतरी सकाळी त्यांना फाटकाबाहेरचा तो वाकलेला माणूस आठवे आणि आपला आवाज ऐकू येई, मोठ्या मनाने क्षमा करणाऱ्या माणसाचा असतो तसा.

श्यामरावांनी एकदाच विचारलं होतं, त्याच संध्याकाळी, बूट काढता काढता, "लोटी कठड्यावर कुणी ठेवली होती?" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? तिनेच ढवळलं असेल." श्यामराव बराच वेळ बुटाच्या नाड्या धरून बसले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण त्यांनी पंप देऊन टाकला, सगळ्या बाटल्या कुठेतरी नेऊन पुरल्या, आणि त्या दिवसापासून जेवताना ताक घेणं सोडलं. पाच वर्षं आनंदीबाई त्यांच्या पानाशी ताकाची वाटी ठेवत आल्या आणि ते ती तशीच ठेवून उठत. गुलाबांना मात्र त्यांनी जगवलं. रोज सकाळी नळीला बोट लावून एकेका पानाची खालची बाजू धूत बसायचे, तासभर, मान वाकडी करून. आनंदीबाई खिडकीतून पाहत. कितीदा त्यांना वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं. श्यामरावांना ठाऊक आहे हे आनंदीबाईंना ठाऊक होतं. तरी ते बोलून दाखवायला एक माणूस लागतो, आणि तो दोघांपैकी कुणीच झालं नाही. मग एका सकाळी नळीचं पाणी नुसतंच वाहत राहिलं आणि श्यामराव कुंड्यांमध्ये पडलेले सापडले.

हौसा दुसऱ्या फवारणीला आली ती बरोबर आठ दिवसांनी. पानं उलटी करून पाहिली, कागदावर झटकली. "कमी आहे," म्हणाली. "नवीन पान चांगलं येतंय. तुम्ही धुताय वाटतं." आनंदीबाई धूत होत्या, गुडघे धरून, रोज. त्यांनी चहा केला होता. हौसाने मोजे काढून साबणाने दोनदा हात धुतले, मग कप घेतला आणि पायरीवर बसली. ती आता मोकळी झाली होती. किंवा जे बोलायला आली होती ते गेल्या वेळी राहून गेलं होतं. "मला बघायचं होतं बाई, ती कुठं काम करायची," ती म्हणाली. "मला कधी आणलंन नाय तिने. त्या दिवशी सकाळी मी पाठी लागलेली, शाळा सुटली होती ना, मलापण ने म्हणून. तर म्हणाली, आज फवारायचं आहे, तू नको, उद्या नेते. उद्या नक्की नेते म्हणाली." तिने कप पायरीवर ठेवला. "मी अकरा वर्षांची होते. मला तेव्हापासून एवढंच कळत नाय, बाई. जिला मरायचं होतं ती उद्या कशाला म्हणाली? साधं नाय म्हणायचं. खोटं बोलून गेली माझ्याशी."

आनंदीबाईंच्या तोंडात शब्द आले होते. ते जिभेवर होते, त्यांना चव होती. पण त्या म्हणाल्या, "लहान होतीस तू." "राग लहानपणी होता तेवढाच आहे," हौसा म्हणाली. "वाढला असेल. जमवलेलं लग्न मोडलं माझं, दोन वर्षांमागे. खेडकडचे होते, मुलगा लोटे गावाला कंपनीत. आवशीने औषध घेतलेलं घर नको म्हणाले. त्याचं मला काय वाटलं नाय. पण ती मला ठेवून गेली याचं वाटतं. नवरा वाईट असेल, सासू वाईट असेल. मी काय केलं होतं?" तिने कप विसळला आणि पायरीवर पालथा घातला. तो पालथा घालण्याचा हात मैनाचा होता.

मधल्या आठ दिवसांत आनंदीबाईंनी फारसं काही केलं नाही. सकाळी पानं धुतली, दुपारी अंथरुणावर पडून राहिल्या. शाळा सोडूनही दोन वर्षं झाली होती, तरी रस्त्यात पोरं "मॅडम" म्हणून थांबत, पाया पडत. त्यांना आता त्या पाया पडणाऱ्या पोरांची भीती वाटू लागली. इतकी वर्षं त्या मनातल्या मनात मैनाशी बोलत आल्या होत्या. तिची क्षमा मागायच्या, कधी तिच्याशी वाद घालायच्या, की वास नाही आला का तुला, बघितलं नाहीस का. त्या सगळ्या बोलण्यात मुलगी कधी आलीच नव्हती. मैनाला एक मुलगी आहे हे ठाऊक असून ती कुठेतरी मोठी होत असेल, कुठल्यातरी सकाळी जागी होऊन एका शब्दावर अडत असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आपलं दुःख त्यांनी इतकं जपलं होतं की दुसऱ्या कुणाचं असू शकतं हे दिसायला जागा नव्हती. सातव्या दिवशी त्यांनी नर्सरीला फोन लावला. गुलाब बरे आहेत, तिसरी फवारणी नको, असं सांगणार होत्या. फोन लागला, पलीकडून माणूस "हॅलो, हॅलो" म्हणाला. त्यांनी फोन ठेवून दिला.

हौसा आली, तिने औषध कालवलं, पंप भरला, झाकण लावलं. पंपाचे पट्टे खांद्यावर चढवणार तेव्हा आनंदीबाई पडवीतून खाली उतरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी ठरवून काही जुळवलं नव्हतं. "हौसा," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईने औषध घेतलं नाही. ताक समजून प्यायली ती. मी कालवलेलं होतं, लोटीत. आणि तिचं ताक जिथे ठेवायची तिथे मी ती लोटी ठेवून फोन घ्यायला आत गेले." हौसाने पट्टे सोडले नाहीत. तिचे डोळे फडक्याच्या वर दिसत होते, त्यांत अजून काही आलं नव्हतं. "कुठं ठेवली होतीत?" तिने विचारलं. आनंदीबाईंनी कठड्याकडे हात केला. "तिथे नाय कळत. दाखवा." आनंदीबाई पायऱ्या चढल्या आणि खांबाच्या सावलीत कठड्यावर तळहात ठेवला. हौसा मागोमाग आली आणि त्या हाताकडे पाहत राहिली.

"रिक्षात ती बोलली होती," आनंदीबाई म्हणाल्या. "मी तुला नाही म्हटलं, ते खोटं. ताक नासलं होतं काय ओ बाई, असं विचारलं तिने. मी सांगितलं नाही तिला. डॉक्टरांनाही नाही, पोलिसांनाही नाही. तुझा बाप फाटकाशी येऊन माझी माफी मागून गेला आणि मी त्यालाही सांगितलं नाही." आवाज वर्गात असायचा तसा सरळ येत होता, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

हौसा म्हणाली, "म्हणजे ती मला खरंच नेणार होती." आनंदीबाई म्हणाल्या, "हो." "उद्या म्हणाली ते खरं म्हणाली." "हो गो." हौसा खाली गेली. तिने पंप पाठीवर घेतला. "कालवलेलं ठेवता येत नाय," ती म्हणाली आणि पहिल्या कुंडीपाशी वाकली. अकराच्या अकरा कुंड्या तिने मारल्या, एकेक फांदी हाताने वळवून, पानं खालून भिजेपर्यंत. काही घाई केली नाही. मधे दोनदा थांबून तिने मनगटाने डोळे पुसायचा प्रयत्न केला आणि मोज्याला औषध आहे हे आठवून हात खाली घेतला. तसंच वाहू दिलं. आनंदीबाई कठड्याशी उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. पंप धुऊन, पाणी दूर खड्ड्यात ओतून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा सुजला होता. "रविवारी वाडीवर चला," ती म्हणाली. "मला सांगितलंत तसं आजीला सांगा. माझ्या तोंडून नको. तुमच्या."

रविवारी त्या एसटीने गेल्या. हौसा निवळीला उभी होती, तिथून दुसरी गाडी, मग नदीच्या साकवावरून चालत. उन्हात चालताना एका चढणीवर हौसाने मागे न बघता हात पुढे केला आणि आनंदीबाईंनी तो धरला. घरापुढच्या खळ्यात मांडव होता, सारवलेलं होतं, आणि चिमा, मैनाची सासू, भिंतीला टेकून फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. हौसाने शेजारच्या दोन-तीन बायांना आणि वाडीचा जाणता महिपत याला बोलावून आणलं होतं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. आनंदीबाईंना बसायला पाट दिला, त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. लोटी, कठडा, फोन, रिक्षा. या वेळी आवाज सरळ आला नाही, दोनदा थांबावं लागलं. फोनवर आपण हसत होतो हेही त्यांनी सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

चिमाच्या हातातली आठळी हातातच राहिली. "त्या दिवशी सकाळी मी तिला बोल्ली व्हती," ती हळूच म्हणाली. आनंदीबाईंना नव्हे, समोरच्या जमिनीला. "पेजंत मीठ जास्त पडलंन म्हणून. लय बोल्ली. ती काय नाय बोल्ली, भाकरी बांधून गेली." तिने वर पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदूचा धुरकट रंग होता. "नव वर्सं ही वाडी माझ्या तोंडाकडं बघतेय, म्हातारीने सून खाल्ली म्हणून. मी पण तेच म्हणत व्हती. मिठासाठी खाल्ली." शेजारच्या एका बाईने पदर तोंडाला लावला. महिपत खाकरला, काहीतरी पोलीस-कोर्टाचं बोलणार होता. आनंदीबाई म्हणाल्या, "जिथे न्याल तिथे मी येईन. लिहून देईन." चिमाने त्याला हाताने थांबवलं. "तुमी माणूस मारलात नाय, बाई," ती म्हणाली. "तेवडं मला कळतं. हात चुकला. पण माझी नव वर्सं तुमच्या कपाटात ठेवलीत ती."

घराच्या आतल्या भिंतीवर चिमाच्या नवऱ्याचा फोटो होता, दिराचा होता. मैनाचा नव्हता. जीव दिलेल्या बाईचा लावत नाहीत, आणि पितृपक्षात तिचं पानही वाढत नाहीत, हे आनंदीबाईंना तिथे उभ्या असताना कळलं, कारण चिमा भिंतीला धरून उठली आणि हौसाला म्हणाली, "भात टाक गो. तिचं पान वाढायचं हाय आज." पितृपक्षाला अजून पाच-सहा महिने होते. कुणी तसं म्हटलं नाही. एक बाई केळीचं पान आणायला परसात गेली. आनंदीबाईंना कुणी थांबा म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. त्यांनी चपला घातल्या.

भात चुलीवर टाकून साकवापर्यंत हौसा त्यांच्याबरोबर आली आणि मग पुढे रस्त्यापर्यंतही आली. थांब्यावर सावली नव्हती. आनंदीबाईंना काहीतरी ऐकायचं होतं; काय, ते त्यांना सांगता आलं नसतं. शिवी चालली असती. हौसाने रस्त्यावर नजर टाकली, एसटी दिसत नव्हती. "एक सांगू, बाई," ती म्हणाली. "मी लहानपणी निजायच्या आधी देवाला म्हणायचे, तिला कुठंच सुख लागू देऊ नको. रोज म्हणायचे. शाळेत पहिली आले तेव्हा पण म्हटलं. गेल्या आठवड्यापर्यंत म्हणत होते." तिचा आवाज अगदी खाली गेला. "आता ते सगळं मी परत कसं घेऊ?"

वळणावर एसटीचा भोंगा वाजला, धूळ आली, गाडी थांबली. वाहकाने दार उघडलं तशा आनंदीबाई दांड्याला धरून चढल्या आणि मागच्या काचेतून वळून पाहिलं. हौसा थांब्यावर नव्हती. ती पायवाटेवर बरीच पुढे गेली होती, जवळजवळ पळत होती. घरी भात शिजत आला असेल, आणि पान तिलाच वाढायचं होतं.